हळदवाडीची कोंडाबाई

३ मार्च २०२५, सोमवार

पंचवीस दिवस! विद्यापीठाचं पत्र आलं. २८ मार्च, शुक्रवार, संध्याकाळी पाच. तोवर प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द. 'यापुढे कोणत्याही कारणास्तव मुदतवाढ मिळणार नाही.' तीनदा मुदतवाढ घेतलेल्या बाईला अजून काय लिहिणार म्हणा.

सात वर्षं झाली. इतिहासात पीएच.डी., आणि विषय काय, तर परदेशी पैशातून आपल्याकडे झालेला 'विकास'. लोक विचारतात, त्यात इतिहास कसला? मी सांगते, चुलीचा. १९५६ साली, मराठवाडा अजून हैदराबाद राज्यात होता तेव्हा, एक परदेशी संस्था तिथे बिनधुराची चूल घेऊन आली. मिस हॉलंड नावाची गोरी सल्लागार, आणि तिच्या हाताखाली गावोगावच्या ग्रामसेविका. ग्रामसेविकेने रोज डायरी लिहायची — आज किती घरं केली, किती चुली बसवल्या, बाया काय म्हणाल्या. महिनाअखेर ती ऑफिसात द्यायची. या डायऱ्या इथल्या दप्तरखान्यात पडून आहेत. त्यातल्या एकीत, हळदवाडी गावच्या महारवाड्यात, मला कोंडाबाई भेटली.

मला म्हणजे आधी माझ्या गाईडना, नरसिंगराव सरांना. १९९८ मध्ये त्यांनी तिच्यावर लेख लिहिला, तो परदेशात गाजला आणि सर मोठे झाले. पण सरांना मराठी वाचता येत नाही, भाषांतर करून घेतलं होतं. म्हणून तर मला घेतलं. मराठी वाचणारी पोरगी हैदराबादेत शोधून सापडायची नाही! माझ्या चार प्रकरणांतली दोन कोंडाबाईवर उभी आहेत.

"बाई, धूर गेला तर छपरातली कीड कोण मारंल? अन् तुमच्या चुलीला तोंडच नाही, भाकर आराला कुठं लावू?"

हे ती ग्रामसेविकेला म्हणते; आर म्हणजे चुलीतले निखारे. पाठ आहे मला. त्या सगळ्या कागदांच्या ढिगात आपल्या समाजाची एकच बाई बोलते, आणि ती सरळ उलट उत्तर देते! मी तिच्यासाठीच टिकले. नाहीतर दुसऱ्या वर्षीच सोडून बँकेच्या परीक्षा दिल्या असत्या.

चारही प्रकरणं झालीत, उपसंहार तेवढा राहिलाय. होईल. व्हायलाच पाहिजे.

५ मार्च, बुधवार

तारामतीबाई जिवंत आहेत!!

डायरी लिहिणारी ग्रामसेविका. सत्त्याऐंशी वय. राहतात कुठे, तर चिक्कडपल्लीत — आमच्या विद्यानगरच्या घरापासून चालत अर्धा तास! सात वर्षं मी त्यांना दप्तरखान्यात शोधतेय आणि बाई तिकडे गच्चीत पापड वाळवतायत.

सगळं बाबांमुळे. मराठी वाचनालयात कुणाला तरी धरून कोंडाबाईचं पुराण लावलं होतं त्यांनी. 'आमच्या पोरीनं शोधून काढलं' — हे कुणालाही सांगतात, रिक्षावाल्यालासुद्धा. ऐकणारे गृहस्थ म्हणाले, तारामती म्हणजे आमच्या हर्षवर्धनची आई, त्याचं कोठीला औषधाचं दुकान आहे.

शनिवारी जाते. परिशिष्टात एक मुलाखत, एक फोटो. छान शेवट होईल.

८ मार्च, शनिवार

 क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

तारामतीबाई पलंगावर बसल्या होत्या. लख्ख बाई. कान तीक्ष्ण, दात स्वतःचे. मुलगा दुकानात, सून आत. त्यांनी आधी नाव विचारलं, मग, "आडनाव काय गं तुझं?"

"सोनकांबळे."

 मग म्हणाल्या, "बस, खुर्चीवर बस." मी खुर्चीवरच बसले होते.

संमतिपत्र वाचून दाखवलं. त्यांनी झोकात सही केली. मी फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि मोठ्या हौसेने कोंडाबाईची नोंद वाचली, अगदी आवाज काढून. बाई हसायला लागल्या. खोकला येईपर्यंत हसल्या.

"अगं, ते मी लिहिलंय!"

"हो ना, तुम्हीच लिहिलंत."

"तसं नाही. बसल्या जागी लिहिलं. कोण जात होतं रोज? बस नाही, रस्ता नाही. महिनाअखेर आम्ही चौघीजणी ऑफिसात चटईवर बसायचो. एक दौत, चार डायऱ्या. एक म्हणायची, तू सात घरं लिही, मी नऊ लिहिते, सारखं नको दिसायला. नागपंचमीला सुद्धा माती खणून चूल बसवली अन् भाकरी भाजून दाखवली असं लिहिलंय मी! त्या दिवशी खणत नाहीत, तवा ठेवत नाहीत. सगळ्या मुलखाला ठाऊक. पण एकानं विचारलं नाही!"

"आणि महारवाडा?"

बाईंनी पदर सारखा केला. "हरिजन वस्तीचा रकाना होता डायरीत. ती गोरी मडम आधी तोच बघायची. रिकामा ठेवला की साहेब ओरडायचा. पण जाणार कशी? पाटलाच्या घरात राहत होते. तिकडं जाऊन आले असते तर त्यांनी मला ओसरीवर तरी चढू दिलं असतं का? अठरा वर्षांची होते मी."

"मग कोंडाबाई कोण?"

"ती हळदवाडीची नव्हेच. माझ्या माहेरी अंगण झाडायला यायची. नाव आठवलं, टाकलं."

मला वाटलं, निदान बोलणं तरी. निदान ते वाक्य तरी! विचारलं.

"ते माझ्या आईचं. सुट्टीत गेले तेव्हा मोठ्या तोऱ्यात तिला चूल बांधून दिली होती. आठ दिवसांत फोडली तिनं. हेच म्हणाली. आता आईचं नाव सरकारी डायरीत कसं घालायचं? कोंडाबाईचं घातलं."

वर मला म्हणतात, "तू त्याचं पुस्तक करतेस? चांगलं आहे हो."

सुनेने चिवडा दिला. मी खाल्ला. निघताना पाया पडले. कशासाठी पडले? सवयीने! घरी येईपर्यंत काही वाटलं नाही. 

९ मार्च, रविवार

कोंडाबाई नाही. नव्हतीच.

११ मार्च, मंगळवार

चारही सेविकांच्या डायऱ्यांच्या झेरॉक्स जमिनीवर पसरल्या आणि तारखेला तारीख लावली. सात, नऊ, आठ, सहा. नऊ, सहा, सात, आठ. कुठल्याही दिवशी दोघींचा आकडा सारखा नाही. पाच महिन्यांत एकदाही नाही! सात वर्षं हेच कागद चाळतेय मी. या आकड्यांचे तक्ते केले, टक्केवारी काढली. सरांनी तक्त्यांचं कौतुक केलं होतं.

जुनं पंचांग काढलं. ११ ऑगस्ट १९५६, नागपंचमी. डायरीत त्या दिवशी 'महारवाड्यात तीन चुली खणून बसवल्या, भाकरी करून दाखवली.' ही नोंद मी प्रबंधात दोनदा वापरली आहे. दोनदा!

माझ्या लक्षात कशी येणार? आमच्या घरात नागपंचमी नाहीच. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा सगळे सण बाहेर काढले, बरंच केलं. पण त्या दिवशी तवा चढत नाही हे मला कुणी सांगितलंच नाही. सरांचं घर तेलुगू, त्यांची नागपूजा निराळी, दिवस निराळा. शेजारच्या कुठल्याही मराठी बाईला ते पान दाखवलं असतं तर तिने एका मिनिटात पकडलं असतं. मी ते पान दिल्लीच्या चर्चासत्रात दाखवलं.

मिस हॉलंडच्या अहवालात 'बसवलेल्या चुली : ३१२'. बेरीज करून पाहिली, याच डायऱ्यांतल्या चुलींच्या रकान्यांची आहे. त्या अहवालावर आणखी पाच देशांत चुली गेल्या. एका चटईवरून! एरवी किती हसले असते मी.

१३ मार्च, गुरुवार

सरांकडे गेले. सगळं सांगितलं. रेकॉर्डिंग ऐकवते म्हटलं तर हात वर केला — नक्को.

"सुनो स्वप्ना. सत्त्याऐंशी साल की अम्मा है. मेमरी का क्या भरोसा? आर्काइव में जो है वो है. पेपर को पकड़ के चलो. इंटरव्ह्यू डालोच मत."

"लेकिन सर, कोंडाबाई थीच नहीं."

"तुम्हारे पास पंद्रा दिन हैं. पहले डिग्री लेओ, बाद में जो लिखना है लिखते बैठो. मैं भी तो जून में रिटायर हो रहा हूँ. उसके बाद तुमको कौन देखेगा?"

प्रेमानेच बोलले. चहा मागवला. खरं म्हणजे सर माझ्याशी कधी वाईट वागलेले नाहीत. पहिल्या वर्षी विभागात मला कुणी ओळखतही नव्हतं, तेव्हा सगळ्यांसमोर 'माय बेस्ट स्टुडंट' म्हणाले होते. त्यांचं ऐकावं असं वाटतंय आणि वाटतंय याचाच राग येतोय.

१४ मार्च, शुक्रवार

होळीचा रंग चाललाय खाली. दार उघडलं नाही. असं वाटतं की कुठेतरी निघून जावं आणि कुणाला पुन्हा दिसूच नये.

१७ मार्च, सोमवार

लिहायला बसले. जुनं तिसरं प्रकरण बाजूला काढलं आणि नवीन सुरू केलं — त्या वस्तीत कुणी गेलंच नाही, आणि तरी तिथे चुली मोजल्या गेल्या, इथपासून. शनिवारपासून एकतीस पानं झाली. भराभर येतंय. सात वर्षांत असं कधी आलं नव्हतं. आधीची मी म्हणजे नुसती कोंडाबाईपुढे आरती घेऊन उभी होते.

पण सगळं एका बाईच्या बोलण्यावर. आकडे सारखे नाहीत, नागपंचमी चुकली — यावरून शंका घेता येते. 'गेलेच नाही' हे फक्त तारामतीबाई सांगू शकतात. त्यांचा आवाज आहे, सही आहे. तेवढं पुरे.

अकरा दिवस. चौथं प्रकरणही मोडावं लागणार. जेवण वेळेवर होत नाही, आई ताट आणून ठेवते.

१९ मार्च, बुधवार

संपलं.

हर्षवर्धन यांचा फोन. आवाज दबका, मागे दुकानातली गिऱ्हाइकं. "मॅडम, आईनं तुम्हाला काय काय सांगून ठेवलंय म्हणे! सरकारी डायरी खोटी लिवली म्हणून? अहो, आईला पेन्शन आहे. उद्या कुणी चौकशी लावली तर? या वयात ऑफिसात उभी करू का तिला? आईच्या वतीनं सांगतोय, पुसून टाका ते. नाव नक्को, काहीच नक्को."

म्हटलं, सत्तर वर्षं होत आली, कोण चौकशी लावणार? "लिहून देता का तुम्ही?" म्हणाले. मी कशी लिहून देणार? मी परेशान, ते माझ्याहून परेशान. माणूस वाईट नाही. आईला घाबरवून झालंय आणि आता स्वतः घाबरलाय.

संमतिपत्रातलं चौथं कलम : 'मुलाखत देणारी व्यक्ती कोणत्याही वेळी, कारण न देता, संमती मागे घेऊ शकते.' माझंच वाक्य. किती अभिमानाने घातलं होतं!

म्हणजे खरं लिहायला पुरावा नाही आणि खोटं लिहायला हवा तेवढा आहे. शिक्क्यासकट.

२० मार्च, गुरुवार

बाबांना सांगितलं. सांगायचं नव्हतं. पण ते १४ एप्रिलच्या भाषणाची तयारी करत होते, विहारात दरवर्षी बोलतात, आणि मला हाक मारून विचारलं, "स्वप्ना, कोंडाबाई 'कीड' म्हणती का 'किडे'? नीट सांग, माईकवर चुकायला नको."

सांगून टाकलं. सगळं. माहेरच्या अंगणापर्यंत. बाबांनी चष्मा काढला. किशनराव सोनकांबळे, पोस्टातून रिटायर, माणूस कधी गप्प बसत नाही. भाषणाची वही मिटून ठेवली.

"म्हणजे आपल्याकडं कुणी आलंच नव्हतं," म्हणाले.

"नाही."

"अन् आले म्हणून लिहिलं."

"हो."

"मग हे लिही की!"

मी ओरडले त्यांच्यावर. कशावर लिहू, म्हटलं. बाईंनी परवानगी काढून घेतली, आठ दिवस राहिलेत, नोकरीची वयं निघून चालली, आणि तुम्ही मला माईकवरून बोलल्यासारखं काय सांगता! आई आतून धावत आली. बाबा एवढंच म्हणाले, "बरं, बरं. तू शिकलेली आहेस."

हे वाक्य मला सहन झालं नाही. बाथरूमचा नळ सोडून रडले.

२२ मार्च, शनिवार

बाबांची भाषणाची वही टेबलावर होती. कोंडाबाईचा सगळा परिच्छेद खोडलाय. पट्टी लावून, एकेक ओळ सरळ.

२५ मार्च, मंगळवार

ठरवलं. जुनाच प्रबंध देते, उपसंहार दोन पानांत उरकला.

हर्षवर्धन यांचे उपकारच मानायला हवेत! मुलाखत वापरायची नाही हे मी कुठे ठरवलं? संमती गेली. नियम म्हणजे नियम. सरांना फोन केला तर ते इतके खूश झाले. "व्हेरी गुड. समझदार हो गई." दोन्ही परीक्षक कोंडाबाईचे चाहते आहेत म्हणाले, तोंडी परीक्षा म्हणजे गप्पाच होतील.

एकतीस पानं कॉम्प्युटरवरून काढून टाकली नाहीत. एका फोल्डरमध्ये घातली. फोल्डरला नाव दिलं नाही.

शंकरमठाजवळच्या दुकानात बाइंडिंगला टाकलं. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, चार प्रती. दुकानदार म्हणाला, "कंग्राट्स, डॉक्टरम्मा." मी थँक यू म्हटलं. चांगलं हसून म्हटलं.

आतून काहीच वाटत नाही. हेच बरं आहे बहुतेक.

२६ मार्च, बुधवार

बरं नाही. प्रती घरी आणल्या, सोनेरी अक्षरांवर हात फिरवला आणि चारही पालथ्या ठेवल्या.

२७ मार्च, गुरुवार

चारही प्रती घेऊन निघाले होते, शेवटच्या दिवसाची रांग नको म्हणून. वाटेत चिक्कडपल्लीला थांबले. रेकॉर्डिंग हर्षवर्धन यांच्यासमोर पुसायचं कबूल केलं होतं. फोन काढला. ते शेजारी उभे, नजर स्क्रीनवर.

पलंगावरून तारामतीबाई म्हणाल्या, "काय करते रे ती?"

"पुसतायत, आई. तुझं ते बोलणं."

"परत?"

 बाई मुलाला म्हणाल्या, "सही माझी आहे. पेन्शन पण माझीच आहे. मला न विचारता तू कोण पुसायला लावणार?" मग माझ्याकडे वळल्या. "मागं एकजण टेप घेऊन आला होता, तुझ्याच विद्यापीठातला. सगळं सांगितलं होतं त्याला. हेच सगळं. ह्याचे वडील भडकले, तर त्यानं लगेच कॅसेट पुसली. बरं झालं म्हटल्यासारखा गेला, चप्पल सुद्धा नीट घातली नाही. तुला पुसायचं तर पुस, पोरी. मी तिसऱ्यांदा सांगायला बसायची नाही."

मी नाव विचारलं. हर्षवर्धन यांनाच आठवलं. "तेलुगू होते. नरसिंगराव. सत्त्याण्णव साल असेल."

सरांचा लेख अठ्ठ्याण्णवचा आहे, हे सगळं ऐकल्यानंतरचा.

काही न पुसता फोन पिशवीत ठेवला. प्रती परत घरी आणल्या; उद्या पाच वाजता मी विद्यापीठात जाणार नाही.